तोच दावा पुन्हा पुन्हा: छळासाठी होणाऱ्या मुकदमेबाजीला कोर्ट कसा लगाम घालते?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण समोरचाच आपल्याला वारंवार कोर्टात ओढत असेल तर? वडील गेल्यावर बहीण विरासतीतला आपला हिस्सा मागते आणि भाऊ देण्याऐवजी एकामागून एक दावे लावत सुटतो. एक फेटाळला की दुसरा तयार. बिचारी पेशीला येऊन थकते आणि हक्क सोडून देते. आम्ही शाळेत पालकांशी बोलतो तेव्हा अशी रडगाणी नेहमी ऐकू येतात. म्हणून कायदा यावर काय म्हणतो, ते सोप्या भाषेत सांगत आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. दावा हरणे हा गुन्हा नाही. एकाने चार दावे केले म्हणून तो लगेच छळवादीही ठरत नाही. कोर्ट पाहते ते हे की, काही आधार नसताना, फक्त समोरच्याला हैराण करायला हा माणूस सवयीने दावे करतो आहे का?

<b>पहिले उपाय त्याच कोर्टात</b>

दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 11 सांगते की, त्याच पक्षांमध्ये ज्या मुद्द्याचा अंतिम निकाल लागला आहे, तो पुन्हा उकरता येत नाही. दाव्याला कायदेशीर कारणच नसेल तर ऑर्डर 7 नियम 11 खाली अर्ज करता येतो आणि साक्षीपुराव्याआधीच दावा फेटाळला जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच खालच्या कोर्टांना बजावले होते की, बोगस दावे सुरुवातीलाच खुडून टाका.

जाणूनबुजून खोटा दावा केल्यास कलम 35-अ खाली भरपाई मिळते. पण तिची मर्यादा आहे फक्त 3,000 रुपये! आजच्या काळात एवढ्यात वकिलाची फीसुद्धा निघत नाही. मात्र अप्रामाणिकपणे कोर्टात खोटा हक्क सांगणे हा गुन्हाही आहे आणि त्याला 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

<b>महाराष्ट्राचा खास कायदा</b>

इंग्लंडने 1896 मध्ये असा कायदा केला, मद्रासने 1949 मध्ये, आणि महाराष्ट्राने 1971 मध्ये. याचे नाव व्हेक्सेशियस लिटिगेशन (प्रिव्हेन्शन) अ‍ॅक्ट. यात राज्याचे महाधिवक्ता उच्च न्यायालयात अर्ज करतात. त्या माणसाचे म्हणणे ऐकून घेतले जाते. तो सवयीने निराधार दावे करतो असे पटले, तर परवानगी घेतल्याशिवाय त्याला नवीन दिवाणी वा फौजदारी प्रकरण दाखल करता येत नाही. म्हणजे दरवाजा कायमचा बंद होत नाही, पण उंबऱ्यावर पहारेकरी बसतो. न्याय मागणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, पण छळासाठी दावे करणे हा कुणाचाच हक्क नाही, म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये मद्रासचा कायदा वैध ठरवला.

सर्वोच्च न्यायालय स्वतःही कडक होते. 1 मे 2017 ला सुराज इंडिया ट्रस्टला 25 लाखांचा दंड झाला. त्यांनी केलेल्या 64 प्रकरणांपैकी एकातही यश आले नव्हते. पुढे जनहित याचिका करायलाही बंदी घातली गेली.

<b>नागपूरचा धडा</b>

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून एक पोटगीचे प्रकरण थेट दिल्लीपर्यंत गेले. अंतरिम पोटगीचा आदेश 2015 चा, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 4 नोव्हेंबर 2020 चा. मधली पाच वर्षे आईला आणि मुलाला कशी गेली असतील? या निकालाने देशभरासाठी नियम घातले: दोन्ही पक्षांनी मिळकतीचे शपथपत्र द्यावे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, आणि वेगवेगळ्या कायद्यांखाली पोटगी मागताना आधीच्या प्रकरणाची व आदेशाची माहिती लपवू नये. म्हणजे एकाच गोष्टीसाठी अनेक प्रकरणे चालवून कुणी कुणाला नाडू नये.

<b>आपण काय करावे?</b>

जुन्या प्रत्येक निकालाची प्रमाणित प्रत काढून एका फाईलमध्ये ठेवा. नवा दावा आला की तीच फाईल तुमची ढाल असते. समन्स आले तर घाबरून घरी बसू नका. गैरहजर राहिलात तर एकतर्फी निकाल लागतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याने बायकांना, त्यांची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळतो. दोन्ही बाजू राजी असतील तर लोकअदालतीत मिटवा. तिथल्या निवाड्यावर अपील नाही आणि कोर्ट फीसुद्धा परत मिळते.

आणि दावा करणाऱ्या भाईजानांनाही एक सांगणे. दुसऱ्याचा माल नाहक खाण्यासाठी प्रकरण हाकिमांपर्यंत नेऊ नका, ही ताकीद सूरह बकरामध्ये आलेली आहे. बहिणीला थकवून वाचवलेली जमीन सातबाऱ्यावर आपल्या नावाने राहील, पण तिचा हिशोब तिथे संपत नाही.