झुडूप मरावे, गवत राहावे!

गायरान-बांधावरची घाणेरी, येडी बाभूळ आणि निवडक तणनाशकाचा जपून वापर

एकदा आपल्या गावच्या गायरानावर चक्कर मारून या. जुनी माणसे सांगतात की इथे मारवेल आणि पवन्या गुडघ्याला लागायचा, दिवाळीनंतर गवताच्या गंज्या लागायच्या. आज बऱ्याच गावांत काय दिसते? घाणेरीच्या जाळ्या, येडी बाभळीचे काटे आणि ओढ्याकाठी बेशरम. जनावर आत शिरत नाही, शिरलेच तर पोट भरत नाही. दुष्काळात कडब्याची पेंढी विकत घेताना डोळ्यात पाणी येते, आणि गावाचे हक्काचे कुरण मात्र काट्यांनी अडवून धरलेले असते.

यावर हल्ली सोपा उपाय सांगितला जातो. "तणनाशक मारलं की झालं!" दुकानात जायचे, "झुडपं जाळायचं औषध द्या" म्हणायचे आणि मिळेल ती बाटली घेऊन यायचे. पुढच्या पावसाळ्यात झुडूप पुन्हा हिरवे होते, गवत मात्र मेलेले असते. वर शेजाऱ्याच्या कपाशीचे नुकसान झाले म्हणून भांडण उभे राहते ते वेगळेच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार!

तणनाशक हे कामाचे हत्यार आहे, यात शंका नाही. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. बाटलीवर 'निवडक' असे छापलेले असले, तरी निम्मी निवडच बाटली करते. उरलेली निम्मी तुमच्या हाताने करायची असते.

आधी शत्रू ओळखा

घाणेरी, म्हणजे टणटणी, ही मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झाड म्हणून ती आली आणि पाखरांनी तिचे बी देशभर पसरवले. येडी बाभूळ मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडची. १८७७ च्या सुमारास जळण मिळावे, उजाड माळ झाकला जावा म्हणून ती भारतात आणली गेली. तिच्या गोड शेंगा शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात आणि बी लेंड्यांतून जाईल तिथे पडते. म्हणजे आपणच आपल्या जनावरांच्या पायाने तिची पेरणी करतो!

घाणेरीचा पाला जनावराच्या यकृताला विषारी असतो. चाऱ्याच्या टंचाईत उपाशी गुरे तो खातात. मग कावीळ होते, उन्हात कातडी सोलते आणि वेळेवर इलाज झाला नाही तर जनावर दगावते. बेशरमही शेळ्यांना बाधते.

कुऱ्हाडीने ही झुडपे का मरत नाहीत? कारण फुटव्याचे डोळे खोडाच्या बुडाशी आणि जमिनीखाली असतात. वरून तोडले की एका खोडाच्या जागी आठ-दहा धुमारे येतात. पेटवून दिले तरी तेच होते. उलट आगीत गवताचे बी आणि मातीवरचा पालापाचोळा जळतो आणि घाणेरीला मोकळे रान मिळते.

'निवडक' म्हणजे नेमके काय?

उसात, ज्वारीत, गव्हात रुंद पानाचे तण मारायला टू-फोर-डी वापरतात हे तुम्हाला ठाऊक आहे. हे निवडक तणनाशक. ते झाडाच्या वाढीच्या संप्रेरकासारखे वागते. रुंद पानाची झाडे वेडीवाकडी वाढतात, पिळवटतात आणि मरतात. गवतवर्गीय झाडे योग्य मात्रेत ते सहन करतात. म्हणून गवत राखून झुडूप मारायचे तर निवडक तणनाशक हवे, हा विचार बरोबरच आहे.

पण इथे तीन अडचणी आहेत, त्या नीट समजून घ्या.

पहिली अडचण. टू-फोर-डी गवत सोडते म्हणजे तुम्हाला हवे ते सगळे सोडते, असे नाही. गायरानात पेरलेला स्टायलो, बोरीची-अंजनाची रोपे, पलीकडच्या वावरातली तूर, हरभरा, कापूस, द्राक्षवेल ही सगळी रुंद पानाचीच. औषधाला शत्रू आणि सोयरा यातला फरक कळत नाही.

दुसरी अडचण. कोवळ्या रोपाला जे औषध मारते, ते मनगटाएवढ्या जुन्या खोडाला नुसते पोळते. पाने गळतात, शेंडे वाळतात, आपण खूश होतो. महिन्या-दोन महिन्यांत बुडातून फूट येते.

तिसरी अडचण. ग्लायफोसेट हे निवडक नाही. ते घाणेरीबरोबर मारवेलही मारते. मोकळ्या झालेल्या जमिनीवर पहिल्या पावसात गाजरगवत उगवते, मागून घाणेरीचे बी रुजते. गवत हेच माळाचे पांघरूण असते. ते काढून घेतले की आपण होतो तिथेच परत येतो.

हाताने करायची निवड

म्हणून जुन्या झुडपांवर सरसकट फवारणी हा शेवटचा उपाय समजा. त्याआधीचे उपाय क्रमाने असे:

उपटणे - दोन-तीन चांगले पाऊस झाले की जमीन मऊ होते. वर्षा-दोन वर्षांची रोपे मुळासकट उपटा. नखाने खुडता येते तोवर कुऱ्हाडीची वाट पाहू नका. थोराड घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठातले वनस्पतीशास्त्रज्ञ प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत दाखवून दिली आहे. वरून छाटायचे नाही. कुदळीने बुडाशी माती मोकळी करून, फुटवे येतात त्या भागाच्या खाली मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे करून तिथेच वाळत ठेवायचे. औषधाचा एक थेंब लागत नाही. फळे धरण्याआधी हे काम उरका.

बुंध्याला औषध लावणे - येडी बाभूळ खणून काढणे जिथे अवघड, तिथे ही पद्धत कामाची. खोड जमिनीलगत आडवे, सपाट कापा. भुसा पुसून टाका आणि लगेच ब्रशने औषध लावा. 'लगेच' म्हणजे काही मिनिटांत. एकाने तोडत जायचे आणि संध्याकाळी दुसऱ्याने ब्रश घेऊन निघायचे, हे चालणार नाही. कापलेला भाग सुकला की पाण्यात कालवलेले औषध आत ओढले जात नाही. आणखी एक खूण: मधल्या कठीण लाकडाला औषध लावून फुकट घालवू नका. सालीच्या आतले ओलसर कडे असते, तिथूनच औषध मुळाकडे जाते. त्या कड्याला चौफेर लावा. लावून झालेल्या बुंध्याशेजारी एक काडी रोवा, म्हणजे कोणता राहिला ते कळते.

या पद्धतीत औषध फक्त त्या बुंध्यावर जाते. शेजारचे गवत वाचते, वाऱ्याने काही उडत नाही, औषधही थोडकेच लागते.

फुटव्यावर फवारणी - जाळी फारच मोठी असेल तर आधी तोडा. नवी फूट गुडघ्याएवढी झाली, पाने लुसलुशीत आणि जमिनीत ओल असली, की फक्त त्या फुटव्यावर फवारा. नोझलला हूड लावा. उन्हाने मलूल झालेल्या किंवा धुळीने माखलेल्या पानावर फवारलेले औषध वाया जाते. शिवरस्त्याच्या कडेला हे हमखास होते.

ऑस्ट्रेलियात आपल्या येडी बाभळीच्या जातभाईंवर ट्रायक्लोपिर आणि पिक्लोरॅम ही झुडपांसाठीची तणनाशके डिझेलमध्ये मिसळून, पाच सेंटिमीटरपर्यंतच्या बारीक खोडांच्या बुडाला सालीवरून चौफेर लावतात. कोणी तुम्हाला असले काही सांगेल. ऐकून घ्या, पण त्या औषधाला आपल्याकडे नोंदणी आहे का आणि लेबलावर पडीक जमिनीसाठी शिफारस आहे का, हे कृषी अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. मात्राही लेबलावरचीच घ्या. "थोडं जास्त टाकलं तर लवकर मरेल" हा हिशेब इथे उलटतो. पाने झटकन जळाली की औषध मुळापर्यंत पोचतच नाही.

शेजाऱ्याची कपाशी

समजा तुम्ही बांधावरच्या घाणेरीवर टू-फोर-डी मारले आणि वाऱ्याची दिशा शेजाऱ्याकडे आहे. थोड्याच दिवसांत त्याच्या कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी चिरलेली, लांबट दिसू लागतात. पाते-फुले गळतात. द्राक्षवेल आणि टोमॅटो तर याहून नाजूक. भाऊबंदकीला आपल्याकडे आधीच कारणे कमी नाहीत!

टू-फोर-डीचा इस्टर प्रकार उन्हात वाफ होऊन दूर जाऊ शकतो. सोडियम आणि अमाईन क्षाराचे प्रकार त्या मानाने कमी उडतात. शेजारी कापूस-द्राक्ष असेल तर इस्टरच्या वाटेला जाऊच नका. पाने हलतात पण फांद्या हलत नाहीत, एवढाच वारा असताना आणि तो पिकाच्या उलट दिशेला असतानाच फवारा. पहाटे अजिबात वारा नसतानाही थांबा. त्या वेळी बारीक थेंब हवेत तरंगत राहतात आणि कुठेही जाऊन बसतात. दाब कमी ठेवा, थेंब जाड पडू द्या.

तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. टू-फोर-डी मारलेला पंप नुसता विसळून त्यानेच कपाशीवर कीटकनाशक फवारले, की पंपाच्या तळाशी राहिलेले औषध आपलीच कपाशी बिघडवते. पाणी स्वच्छ घ्या. गढूळ पाण्यातल्या मातीला चिकटून ग्लायफोसेट निकामी होते आणि क्षारयुक्त पाण्यातही औषधाची ताकद घटते. ओढा, विहीर, पाणवठा यांच्या काठावर फवारू नका. ओढ्यातली बेशरम हातानेच काढा, आणि तोडलेले तुकडे ओल्यात टाकू नका, ते पुन्हा रुजतात.

जीव मोलाचा आहे

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विसरू नका. तणनाशकेही १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालीच येतात. डब्यावरचा रंगीत चौकोन पाहा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पॅराक्वाट पोटात गेले तर त्यावर उतारा नाही. ते घरात, माळ्यावर, दारूच्या नाहीतर पाण्याच्या बाटलीत ओतून कधीही ठेवू नका. हातमोजे, गमबूट, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि चष्मा घाला. मजूर लावला असेल तर ही जबाबदारी मालकाची.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून ग्लायफोसेटची फवारणी कीड नियंत्रण चालकांमार्फतच करण्याचे बंधन घातले. "दुकानात मिळतं म्हणजे चालतं" असे समजू नका. तालुका कृषी कार्यालयात विचारून, पक्के बिल घेऊनच पुढे जा.

आणि गुरे! टू-फोर-डी मारलेली विषारी झुडपे कोमेजताना जनावरांना गोड लागू शकतात. एरवी घाणेरीला तोंड न लावणारी गायही तेव्हा ती खाईल. फवारलेल्या जागी लेबलावर सांगितलेले दिवस आणि झुडूप पूर्ण वाळेपर्यंत चराई बंद ठेवा.

सरपंच आणि अधिकाऱ्यांसाठी

हे काम एकट्याचे नाही. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी भाऊसाहेब, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांनी मिळून आधी गायरानाची हद्द पक्की करावी. जमीन वनखात्याची असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. झुडपांत खैर, अंजन, जांभूळ उभे असतील तर ते १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातले वृक्ष आहेत. त्यांना खुणेचा पट्टा बांधावा.

एका वर्षात सगळे रान साफ करण्याचा हट्ट नको. उतारावरची झुडपे एकदम काढली तर पहिल्याच वळवात माती वाहून जाते. तुकडे पाडा आणि सुरुवात दाट जाळीपासून न करता विरळ कडेपासून करा. तिथे थोड्या कष्टात जास्त जमीन मोकळी होते आणि पसरणे थांबते. मोकळ्या तुकड्यात त्याच पावसाळ्यात मारवेल, पवन्याचे ठोंब किंवा बी लावा आणि गवत मूळ धरेपर्यंत चराईबंदी पाळा.

गावात काही घरांची चूल येडी बाभळीवर पेटते, कोणी त्याचा कोळसा पाडते. त्यांना ग्रामसभेत आधी विचारा. तोडीचे काम आणि लाकूड त्यांनाच द्या. त्यांचे जळण तोडून तुम्ही कुरण उभे केलेत, तर ते कुरण राखायला कोण येईल?

शेवटचे आणि महत्त्वाचे. बियाणे जमिनीत अनेक वर्षे पडून राहते. म्हणून पहिल्या वर्षीचा खर्च केला की संपले, असे नाही. पुढची निदान तीन वर्षे पावसाळ्यात दोनदा फेरी मारून नवी रोपे उपटावी लागतील. ग्रामसभेच्या ठरावात औषधाची रक्कम लिहाल तेव्हा या फेऱ्यांचे दिवस आणि माणसांची नावेही तिथेच लिहून घ्या.