अर्ज आणि उत्सव : गिरगावच्या वाड्यांचा एक आढावा

चर्नी रोड स्थानकापासून ठाकुरद्वारापर्यंत आणि चौपाटीपासून मुगभाटापर्यंत पसरलेल्या ज्या टापूला मुंबईकर गिरगाव म्हणून ओळखतो, त्याच्या सार्वजनिक जीवनाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या लेखनाचा मोठा भाग गिरगाव सोडून गेलेल्यांनी, बोरिवली-डोंबिवलीच्या स्वतंत्र नळाच्या आणि स्वतंत्र शौचकूपाच्या सुखात बसून केलेला असल्यामुळे, त्यात गॅलरीतल्या गप्पा, गणपतीतली नाटके आणि शेजारून आलेली आमटीची वाटी यांनाच अग्रस्थान मिळाले, आणि या साऱ्या आपुलकीच्या बुडाशी जे गळके छप्पर, जी तुंबलेली मोरी आणि जे सर्वांनी मिळून केलेले अर्ज होते, ते बहुधा नजरेआड राहिले. प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की वाडीतल्या माणसांना एकत्र आणण्याचे निम्मे श्रेय सामाईक गैरसोयीला द्यावे लागेल. उरलेले निम्मे उत्सवाचे, आणि हे दोन्ही कारभार एकाच कमिटीच्या हाती असल्यामुळे त्यांचा हिशेब वेगवेगळा मांडताच येत नाही.

आंबेवाडी, फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी ही नावे ज्या बागाईतीची साक्ष देतात ती एकोणिसाव्या शतकातच मोडली आणि तिच्या जागी भाड्याच्या चाळी उभ्या राहिल्या. पाठारे प्रभूंच्या व ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांच्या जुन्या घरांभोवती कोकणातून आणि देशावरून आलेल्या कारकुनांची, शिक्षकांची, छापखान्यातल्या कामगारांची बिऱ्हाडे दाटली. १८९६ साली मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची साथ आली, आणि शहराची दाटी हेच तिचे मूळ मानून सरकारने १८९८ च्या कायद्यान्वये जो इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला, त्याने डोंगरीकडून थेट चौपाटीपर्यंत सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, काढला. रस्त्यासाठी घरे पाडायची आणि उठवलेल्यांच्या सोयीचा विचार मागाहून करायचा, ही वहिवाट त्या काळापासूनची आहे. पुढे डॉ. बेंटली यांनी १९११ च्या आपल्या अहवालात हिवतापाचा दोष शहरातल्या विहिरींवर ठेवला, तेव्हा त्या बुजविण्याच्या हुकुमांविरुद्ध निरनिराळ्या धर्मांच्या मंडळींनी, आमच्या विधींना विहिरीचेच पाणी लागते, अशा हरकती घेतल्या, आणि झाकण बसवून पाणी काढण्यापुरती वाट ठेवण्याची सवलत काही ठिकाणी मिळविली. आरोग्यखात्याचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते यात संशय नाही. पण दहा जणांनी मिळून लिहिलेल्या कागदाने सरकारी हुकुमाला मुरड घालता येते, हा धडा शहराला अशाच प्रसंगांतून मिळत गेला.

अर्जाला गिरगावात जी प्रतिष्ठा प्राप्त झाली तिचे आणखी एक कारण वस्तीच्या व्यवसायात होते. सचिवालय, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, विमा कंपन्या आणि बँका यांत नोकरी करणारा जो मनुष्य दिवसभर कचेरीत परक्यांच्या अर्जांवर शेरे मारीत असे, तोच संध्याकाळी सदरा काढून, पोटमाळ्याखालच्या मेजावर, स्वतःच्या वाडीचा अर्ज लिहावयास बसे; त्यामुळे कोणता मजकूर कोणत्या टेबलावर अडतो, आवक क्रमांक का मागून घ्यावा, आणि स्मरणपत्र किती दिवसांनी धाडले असता ते उद्धट न वाटता परिणामकारक ठरते, याचे ज्ञान त्याला उपजत असल्यासारखेच होते. ‘आम्ही खाली सह्या करणार वाडीतील भाडोत्री रहिवासी सविनय अर्ज करतो की’ या ठराविक आरंभानंतर गटाराची कैफियत येई, मागील दोन अर्जांच्या तारखा येत, आणि मग खोलीक्रमानुसार सह्या. कोपऱ्यात एखाद्या आजीबाईंचा अंगठा, आणि त्याखाली निशाणीची ग्वाही देणाऱ्या शेजाऱ्याचे नाव.

या सह्या गोळा करणारी मुले तीच असत जी श्रावणात वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरत. येथील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि तेथील मूर्ती आजही आकाराने लहान, मिरवणूक पालखीतून, असा आपला शिरस्ता सांभाळून आहे. निकदवरी लेनमधला ‘गिरगावचा राजा’ १९२८ पासूनचा, मूर्ती भव्य, परंतु शाडूची. मोठ्या उत्सवांचे वर्णन वृत्तपत्रे करतातच. वाडीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वर्गणीची फेरी ही होती. प्रत्येक माळ्यावर, प्रत्येक दारात उभे राहून पावती फाडावी लागल्याने कोणाची नोकरी गेली, कोणाकडे दुखणे आहे, कोणत्या खोलीला कुलूप लागले आणि कोणत्या खोलीत नवा पोटभाडेकरू आला, याची जी खानेसुमारी कमिटीच्या कार्यवाहाला दरवर्षी घडे, तिच्या तोडीची माहिती महापालिकेच्या दप्तरातही नसे. विसर्जनानंतर जमाखर्च जिन्याखालच्या फळ्यावर लागे, आणि मूर्तीवर किती, मंडपावर किती, बक्षिसांवर किती, हे वाचून ज्याला शंका असेल तो उघड विचारी. ज्या कार्यवाहाचा हिशेब या फळ्यावर टिकला, त्याच्या अर्जावर पुढे मार्चमध्ये सही करताना कोणी मागेपुढे पाहत नसे.

या सुरळीत चित्रात एक बाजू लपलेली आहे, ती सांगितली पाहिजे. कमिटी पुरुषांची असे आणि पाणी बायका भरीत. गिरगावला मलबार हिलच्या जलाशयातून ठराविक वेळेत पाणी येते. जुन्या चाळींत ते माळ्यावरच्या सामाईक नळाला पहाटे येई, आणि तेवढ्या वेळात पिंप, कळशा, बादल्या भरून, धुणे उरकून, गॅलरीच्या टोकाला असलेल्या संडासांच्या रांगेपुढची आपली पाळी सांभाळून घरातल्या मंडळींचे डबे तयार करणे, ही जी कसरत स्त्रियांनी पिढ्यानुपिढ्या केली, तिची नोंद सभावृत्तांतात ‘पाण्याच्या प्रश्नावर चर्चा झाली’ एवढ्या चार शब्दांत होत असे. दाब कमी झाला की खालच्या माळ्यावर कोणीतरी चोरून पंप लावला आहे हे प्रथम त्यांना कळे, कारण वरच्या माळ्याचा नळ नुसता सुस्कारे टाकू लागे. मग जी भांडणे होत त्यांना आपुलकीच्या आठवणींत स्थान नाही. वस्तुतः ती भांडणेच कमिटीच्या कामकाजाची विषयपत्रिका ठरवीत.

भाड्याचा प्रश्न तेवढाच जुना. पहिल्या महायुद्धात घरभाडी भडकल्यावर १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रण आले; १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण मानले, आणि तात्पुरता म्हणून केलेला तो कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. भाडेकरूला त्याने छप्पर टिकवून दिले. मात्र घरमालकाला महिन्याकाठी जी रक्कम मिळे तीत पुढेपुढे जिन्यातला दिवाही लागेना, म्हणून त्याने इमारतीकडे पाहणे सोडले, आणि खोलीची किंमत पागडीच्या अनधिकृत व्यवहारात ठरू लागली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, भाड्यात दरसाल ४ टक्के वाढ मान्य केली आणि पागडी घेण्यावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. घरमालकाला खलपुरुष ठरविण्याची गिरगावात रीत आहे. परंतु ज्या उत्पन्नात इमारत राखणे अशक्य होते त्या उत्पन्नावर तिला राखण्याची अपेक्षा कायद्याने कशी केली, याचा खुलासा कोणीही समाधानकारकपणे केलेला नाही.

त्याचे फळ म्हणजे पडणाऱ्या इमारती. साठीच्या दशकात पावसाळ्यात इमारती कोसळण्याचे प्रकार वाढल्यावर १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ निर्माण झाले, आणि जुन्या शहरातल्या १९,६४२ इमारती दुरुस्ती उपकराच्या कक्षेत आल्या, त्यांपैकी १६,५०२ इमारती सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. पुढे हे मंडळ म्हाडात विलीन झाले. तेव्हापासून वाडीच्या अर्जाचा पत्ता बदलला, आणि त्याचे उत्तर म्हणून जे आले त्याचे नाव टेकू. गॅलरीखाली लाकडाचे नाहीतर लोखंडाचे खांब ठोकून ठेवलेली ही तात्पुरती सोय कित्येक चाळींत इतकी वर्षे टिकली आहे की मुले त्यांना दोरी बांधून झोके घेतात, त्यांवर सायकली टेकतात, आणि नव्याने आलेल्या सुनेला ते मूळ बांधकामातलेच वाटतात. दरसाल पावसाळ्याच्या तोंडावर अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध होते. यादीत नाव आले तरी रहिवासी खोली सोडीत नाहीत, यावर वृत्तपत्रांतून त्यांच्या अविवेकाची चर्चा होते; पण संक्रमण शिबिर म्हणजे शीव, गोरेगाव किंवा मानखुर्द, आणि तेथे गेलेली कुटुंबे वर्षानुवर्षे, क्वचित पिढीभर, परतलेली नाहीत, हे ज्याने शेजारच्या माळ्यावर पाहिले आहे त्याचा निर्णय अविवेकी म्हणवत नाही.

पुनर्विकासाने या साऱ्याला नवे वळण लावले. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) या कलमाखाली, जुनी इमारत पाडून भाडेकरूंना विनामूल्य, मालकीची सदनिका द्यायची आणि वाढीव क्षेत्र विकासकाने विकायचे, अशी व्यवस्था झाली. २०१८ मध्ये अमलात आलेल्या ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४’ने किमान ३०० चौरस फुटांचे घर देऊ केले आणि रहिवाशांच्या संमतीची अट ७० टक्क्यांवरून ५१ वर आणली. संमतिपत्रे गोळा करणे म्हणजे पुन्हा दारोदार सह्यांची फेरी. आणि विकासकाच्या माणसाला ही फेरी कोण करू शकतो हे पहिल्या दिवशीच कळते. म्हणून तो आधी गणपतीच्या मंडपाला भेट देतो. स्मरणिकेत पूर्ण पानाची जाहिरात येते, प्रवेशद्वारावर कमान उभी राहते, आणि एकाच रकमेत वर्षाचा खर्च निघाल्यामुळे पावतीपुस्तक घेऊन चार माळे चढण्याचे कष्ट वाचतात. माझ्या अवलोकनाप्रमाणे वाडीच्या सामर्थ्याला खरी ओहोटी लागली ती येथून. कारण जो कार्यवाह दारोदार जात नाही त्याला कोणत्या दारामागे काय अडचण आहे ते कळत नाही, आणि ज्याचा जमाखर्च एका धनादेशावर चालतो त्याचा हिशेब फळ्यावर वाचावयास कोणी थांबत नाही. पुढे काम रखडले, बाहेर राहणाऱ्यांचे मासिक भाडे विकासकाने थांबविले, तर अर्ज लिहिणारे पुष्कळ निघतात. परंतु वाडी कांदिवली, विरार आणि बदलापूर अशी विखुरलेली असल्यामुळे, खोलीक्रमाने सह्या घेणे कोणाच्याच आवाक्यात राहत नाही.

याला अपवाद म्हणता येईल असा लढा भुयारी मेट्रोच्या वेळी घडला. आरे ते कफ परेड या ३३.५ किलोमीटरच्या मार्गावर गिरगाव आणि काळबादेवी ही स्थानके अरुंद रस्त्यांखाली, इमारतींच्या गर्दीत यावयाची होती, आणि त्यांसाठी जगन्नाथ शंकरशेट मार्गालगतच्या कित्येक चाळी रिकाम्या कराव्या लागणार हे कळताच वाड्यावाड्यांतून सभा झाल्या. ‘मेट्रो नको’ अशी भूमिका घेणारेही होते. पण टिकली ती मागणी साधी होती: पुनर्वसन गिरगावातच, उपनगरात नव्हे. त्याच परिसरात घरे देण्याचे आश्वासन लेखी पदरात पाडून घेणे, हे सँडहर्स्ट रोडसाठी उठविलेल्यांच्या पणतवंडांनी केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण मार्ग सुरू झाला, आणि मंत्रालयात जाणारा गिरगावकर आता जमिनीखालून जातो.

बाकीच्या गाऱ्हाण्यांचा विस्तार करण्याचे कारण नाही. मराठी माध्यमाच्या शाळांचे वर्ग ओस पडत आहेत, आणि त्याबद्दल सर्वांत अधिक हळहळ व्यक्त करणाऱ्यांची नातवंडे इंग्रजी शाळेच्या बसने जातात. वाहने उभी करावयास जागा नाही. खोताच्या वाडीतल्या जुन्या लाकडी घरांची संख्या घटत चालली असून, छायाचित्रे काढण्यास येणाऱ्यांची संख्या वाढत आहे, आणि तेथले रहिवासी दोहोंनीही सारखेच त्रस्त आहेत. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. त्या काळात तुंबलेल्या गटारासाठी ज्याच्या दारात जाऊन बसावे असा नगरसेवकच नव्हता, आणि कित्येक वाड्यांत माजी नगरसेवकाकडे जाण्याची जुनी सवय तशीच चालू राहिली. ज्या वस्तीने २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवरची सत्ताधारी पक्षाची सभा उधळल्याचे पाहिले, तिने हा खंड इतक्या निमूटपणे सोसावा याचे मला आश्चर्य वाटते.

आता नव्या इमारतींत राहावयास आलेल्यांचे काय चालले आहे? घर मालकीचे, नळ स्वतःचा, संडास स्वतःचा, आणि पहाटे उठण्याची सक्ती नाही. ज्या बाईने तीस वर्षे माळ्यावर पाणी चढविले तिला या सुखाबद्दल कोणी उपदेश करू नये. देखभालखर्चाची रक्कम मात्र जुन्या भाड्याच्या अनेकपट असते, आणि विकासकाने त्यासाठी ठेव म्हणून दिलेला निधी लिफ्ट आणि पंप यांच्या बिलांत लवकरच आटत जातो. त्याच आवारात विक्रीच्या सदनिकांचा स्वतंत्र मनोरा, स्वतंत्र प्रवेशद्वार आणि स्वतंत्र सोसायटी असते, तेव्हा गणपती कोणत्या बाजूला बसवावा, वाहनतळावरचा मंडप किती दिवस ठेवावा, वर्गणी ऐच्छिक की देखभालखर्चात मिळवून घ्यावी, हे विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येतात. सभेची सूचना आता फळ्याऐवजी भ्रमणध्वनीवर येते, सही करावी लागत नाही, आणि नेमलेल्या वेळी खुर्च्या मांडणारे चार-पाच सभासद तेवढे हजर असतात. तेव्हा अध्यक्ष गणसंख्येअभावी सभा तहकूब करतात, सर्वजण खाली जाऊन चहा घेतात, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी सभा पुन्हा भरते, कारण तहकूब सभेला गणसंख्येची अट लागू नसते.