मैदान संपते, मोजपट्टी संपत नाही

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २००८ साली पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना झाला. नवी मुंबईच्या वस्त्यांतली आमची पोरेही त्या मैदानाची स्वप्ने पाहतात. जरूर पाहावीत. पण टाळ्या थांबल्यावर खेळाडूचे काय होते, हे त्यांना कोण सांगणार?

अमेरिकन फुटबॉल हा अंगाला अंग भिडवण्याचा खेळ. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. डोक्याला बसलेल्या धक्क्यांमुळे निवृत्तीनंतर अनेकांची स्मृती गेली. २०१५ मध्ये न्यायालयाने भरपाईचा तोडगा मंजूर केला. पण मेंदूची हानी मोजताना कृष्णवर्णीयांची बुद्धी मुळातच कमी, असे धरणारी मोजपट्टी वापरली गेली! चाचणीत गुण सारखेच पडले तरी गोरा आजारी ठरे, काळा ठणठणीत! नजेह डेव्हनपोर्ट आणि केव्हिन हेन्री या निवृत्त खेळाडूंनी २०२० मध्ये दावा लावला. लीगला माघार घ्यावी लागली आणि २०२२ मध्ये न्यायालयाने ती मोजपट्टी हटवणारा बदल मंजूर केला.

ही मोजपट्टी आमच्या ओळखीची आहे. चर्मकार समाजातील पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्याच बाळूंना पुण्यात चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळत असे! हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० मध्ये विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. हे औदार्य नव्हते, संघर्षाचे फळ होते.

बाळूंचा खेळ थांबला, पण कीर्तीचा वापर थांबला नाही. ज्या बाबासाहेबांनी तरुणपणी त्यांचा गौरव केला होता, त्यांच्याच विरुद्ध काँग्रेसने १९३७ च्या निवडणुकीत बाळूंना उभे केले. बाबासाहेब निवडून आले. आम्ही बाळूंना दोष देत नाही. ज्या व्यवस्थेने त्यांना चहाचा कप दिला नाही, तिला उमेदवारी देताना मात्र त्यांची जात आठवली, एवढेच आम्ही नोंदवतो.

म्हणून निवृत्त खेळाडूला शाल-श्रीफळ नको. निवृत्तिवेतन, उपचार आणि नोकरी हवी, तीही दया म्हणून नव्हे, हक्क म्हणून. पोरांनो, बॅट जरूर धरा; पण पुस्तक सोडू नका. आपला हिशेब मागायला तेच शिकवते.