नोंदवही कुठं ठेवायची?

फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या हट्टा गावच्या शिवारात हळद शिजवायचे कुकर पेटले की आमच्या मामांना जेवायलाही सवड नसते. कुणाच्या शेतात कधी जायचं, किती ड्रम शिजले, पैसे कुणाचे आले, कुणाचे राहिले, हे सगळं एका लाल वहीत. तीन वर्षांपूर्वी मी हौसेनं एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं आणि या हिशेबासाठी छोटा प्रोग्राम लिहून दिला. मामांनी वही फडताळात ठेवली. चौथ्या दिवशी दुपारी लाइट गेली. परत आल्यावर मशीन सुरू झालं, प्रोग्रामही उघडला. नोंदी शून्य.

"आरं, कामून गेलं सगळं? लाइट गेली म्हणून वही कोरी होती व्हय?"

चूक लाइटीची नव्हती, माझी होती. फाइल मी '/टेम्प' या फोल्डरमध्ये ठेवली होती. तिथं कुणालाही लिहिता येतं, परवानगीची कटकट नाही, म्हणून चाचणीपुरता तो पत्ता दिला आणि बदलायचा राहून गेला. '/टेम्प' म्हणजे खळं. काम झालं की झाडून टाकायचं. त्या मशीनवर हे फोल्डर रॅममध्येच होतं, त्यामुळे वीज गेली तशा नोंदी गेल्या. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 या लिनक्समध्येही नव्यानं बसवताना हीच पद्धत ठरलेली आहे. दोन दिवस मोटारसायकलवर घरोघर फिरून मी हिशेब पुन्हा गोळा केला.

मग नोंदी ठेवायच्या कुठं? लिनक्समध्ये याचं उत्तर फार आधी लिहून ठेवलंय. कोणत्या फोल्डरमध्ये काय असावं, याचं पहिलं मानक 14 फेब्रुवारी 1994 ला आलं. पुढं त्याचंच 'फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड' झालं आणि 3.0 ही आवृत्ती जून 2015 मध्ये निघाली. त्यातली वाटणी सोपी आहे. प्रोग्राम '/यूएसआर'मध्ये, सेटिंग '/इटीसी'मध्ये आणि चालू कामात सतत बदलणारी माहिती '/व्हार'मध्ये. हे नावच 'व्हेरिएबल'वरून आलंय. बदलणारं सगळं बाहेर काढलं की '/यूएसआर' नुसतं वाचण्यापुरतं ठेवता येतं आणि अपडेट आलं की त्यातलं जुनं काढून नवं बसवता येतं. म्हणूनच प्रोग्रामच्या शेजारी नोंदी ठेवणंही धोक्याचं.

'/व्हार'मध्येही खोल्या आहेत. मामांच्या धंद्यातच सांगतो. लाल वही जाते '/व्हार/लिब'मध्ये. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेससारखे डेटाबेस आपली माहिती सहसा इथंच ठेवतात. मामा कुकरच्या पत्र्यावर खडूनं दिवसाची बेरीज मांडतात, ती '/व्हार/कॅश'. पुसली तरी वहीवरून पुन्हा करता येते. नंबर लावून गेलेल्यांच्या चिठ्ठ्या तारेला अडकवलेल्या असतात, ते '/व्हार/स्पूल'. प्रिंटरच्या रांगेतली कामं अशीच थांबतात. कुकर कधी पेटला, कधी बंद पडला, ही रोजनिशी '/व्हार/लॉग'मध्ये. ती फुगत जाते, म्हणून 'लॉगरोटेट' नावाचा प्रोग्राम जुनी पानं दाबून ठेवतो आणि ठरल्या मुदतीनंतर फाडतो. हे केलं नाही तर डिस्क भरते आणि मग वहीतही नवी ओळ लिहिता येत नाही.

माहिती एकट्याची असेल तर तिची जागा त्याच्या होम फोल्डरमध्ये, '.लोकल/शेअर'मध्ये. मामांच्या मशीनवर मात्र मामा आणि त्यांचा मुलगा वेगवेगळ्या नावांनी बसतात आणि हिशेब दोघांचा एकच. म्हणून मी प्रोग्राम सर्व्हिस म्हणून चालवला. लिनक्समध्ये अशा सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या फाइलमध्ये 'स्टेटडिरेक्टरी' अशी एक ओळ लिहिली की '/व्हार/लिब'मध्ये फोल्डर आपोआप तयार होतं आणि परवानगीही बरोबर लागते. ज्या कटकटीला कंटाळून मी '/टेम्प' गाठलं होतं, ती एका ओळीत मिटली.

तेव्हापासून कुठलीही फाइल ठेवताना मी स्वतःला विचारतो, ही उद्या गेली तर काय? काहीच बिघडत नसेल तर खळ्यावर पडू दे. पुन्हा तयार होत असेल तर कॅश. पुन्हा मिळणारच नसेल तर ते बेणं. विकायची हळद वेगळी आणि पुढच्या लागवडीसाठी सावलीत पाल्याखाली झाकून ठेवलेलं बेणं वेगळं, हे आमच्याकडं पोरांनाही सांगावं लागत नाही.

योग्य जागी ठेवलं म्हणजे काम संपलं असंही नाही. डिस्क कधीतरी जातेच. दर शनिवारी '/व्हार/लिब'मधलं ते फोल्डर आणि '/इटीसी'तली सेटिंग मी पेनड्राइव्हवर उतरवतो, कॅश सोडून देतो. त्यानंतर लाइट कितीदा गेली याची मोजदाद नाही, पण नोंद एकही गेलेली नाही. फडताळातून पुन्हा बाहेर काढलेली लाल वही मामांनी अजून बंद केलेली नाही, आणि ती बंद करा असं मीही म्हणत नाही.