सामाईक साठ्यात काय ठेवू नये

सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या काही सहकारी बँका, दोन साखर कारखाने आणि एक इस्पितळ यांच्या सर्व्हर खोल्या मी सांभाळते. २०२२ च्या उन्हाळ्यापासून या सगळ्यांकडून एकच मागणी यायला लागली: ‘‘मॅडम, लॉग साठवायची सोय करून द्या.’’ त्यामागे केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश होता. यंत्रणांचे लॉग मागच्या १८० दिवसांचे कायम हाताशी ठेवायचे, ते भारतातच ठेवायचे आणि सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आली की ६ तासांत कळवायचं. घड्याळंही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली हवीत, कारण दोन यंत्रांच्या वेळा जुळत नसतील तर आधी काय घडलं आणि नंतर काय, हे कुणालाच सांगता येत नाही.

लॉग म्हणजे यंत्राने आपल्या कामाची वेळेसकट केलेली नोंद. रात्री २ वाजून १४ मिनिटांनी अमुक पत्त्यावरून कुणी तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला, चौथ्यांदा बरोबर टाकला, अशी एक-एक ओळ. फायरवॉल, एटीएमचा स्विच, कोअर बँकिंगचा सर्व्हर, शाखांमधले राउटर, सगळे अशा ओळी ओकत असतात. आत शिरलेला चोर सगळ्यात आधी याच ओळी पुसतो. म्हणून त्या जिथे जन्मल्या तिथे न ठेवता लगेच वेगळ्या सर्व्हरकडे पाठवायच्या. तो सर्व्हर बंद पडला तर त्या वेळेतलं काहीच उरणार नाही, म्हणून एकाऐवजी तीन सर्व्हर एकत्र जोडायचे. यालाच क्लस्टर म्हणतात. तीनच का, तर निर्णय बहुमताने होतात. दोनच असले आणि मधली तार तुटली, तर दोघांनाही वाटतं की आपणच मुख्य.

इथवर सगळ्यांना पटतं. गाडी अडते ती पुढे. लॉग साठवणारी प्रणाली म्हणून नॅगिओस लॉग सर्व्हर घ्या किंवा ग्रेलॉग, आत शोधाचं काम इलॅस्टिकसर्च किंवा त्याचं भावंड करतं, आणि मांडणीच्या कागदात कुठेतरी लिहिलेलं असतं की सर्व सर्व्हरना दिसेल असा सामाईक साठा लागेल. हे वाक्य वाचलं की संचालक मंडळातल्या हिशेबी माणसाचे डोळे चमकतात. ‘‘मग प्रत्येक सर्व्हरमध्ये महागड्या एसएसडी कशाला? एकच मोठा एनएएस घ्या, तिघांचं सगळं त्यातच टाका.’’ एनएएस म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी डिस्कांची पेटी. पुरवठादारही मान डोलावतो. त्याला मोठा एनएएस विकायचाच असतो.

इथे मी अडून बसते. एका विहिरीवर तीन मोटा लावल्या म्हणून पाणी तिप्पट होत नाही, आणि विहीर आटली की तिन्ही मोटा एकदमच उभ्या. तीन सर्व्हरचा चालू डेटा एका एनएएसवर टाकला, तर त्याचा एक पॉवर सप्लाय किंवा नेटवर्कचा एक स्विच जाताच तिन्ही सर्व्हर एकाच क्षणी आंधळे होतात. तीन सर्व्हरचे पैसे मोजून आपण एकाच यंत्राच्या भरवशावर राहतो.

शिवाय तांत्रिक अडचण आहे, आणि ती जुनी आहे. एनएएसमधलं फोल्डर ज्या पद्धतीने नेटवर्कवरून वाटून घेतात ती एनएफएस पद्धत सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणली. इलॅस्टिकसर्चच्या पोटातलं ल्युसीन हे शोधयंत्र डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलं. ल्युसीन छोट्या-छोट्या फायली सतत जोडून मोठ्या करतं आणि जुन्या पुसून टाकतं. सर्व्हरच्या आतल्या डिस्कवर लिनक्स एक सौजन्य पाळतं: फाईल पुसली तरी ती वाचणाऱ्याने बंद करेपर्यंत खरी जात नाही. नेटवर्कपलीकडच्या फायलीबाबत तशी खात्री नसते. वाचता वाचता पायाखालून फाईल निघून जाते. फायलींना कुलूप लावण्याचे घोळ वेगळेच. स्प्लंक या प्रसिद्ध लॉग-प्रणालीत शोध घेणारे सर्व्हर पूर्वी आपल्या मांडणीच्या फायली सामाईक साठ्यावर ठेवून एकत्र चालत. २०१४ च्या ६.२ आवृत्तीत कंपनीने ती पद्धत मोडीत काढायला घेतली आणि सर्व्हर एकमेकांना प्रती पाठवतील अशी मांडणी आणली. लाखोंचं यंत्र विकणाऱ्यांनी जो रस्ता सोडला, तो आपण हौसेने कशाला धरायचा?

मग सामाईक साठा लागतो कशाला? बॅकअपला. तिन्ही सर्व्हर आपापल्या वाट्याच्या डेटाची प्रत एकाच ठिकाणी ठेवतात, आणि पुढे कुणीही ती उचलून परत लावू शकतं. म्हणून ते फोल्डर तिघांना एकाच पत्त्यावर दिसावं लागतं. रोजचं लिहिणं-शोधणं आतल्या एसएसडीवर, जुन्याची प्रत एनएएसवर. माझी सगळी योजना एवढ्या एका वाटणीवर उभी असते.

आता आकडे. समजा बँकेत सेकंदाला सरासरी १,००० नोंदी येतात आणि एक नोंद सरासरी ५०० बाइटची. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर रोज ४३.२ जीबी, १८० दिवसांचे सुमारे ७.८ टीबी. शोधाची सूची आकार वाढवते, दाबून बसवणं तो कमी करतं. मी दोन्ही सोडून कच्चाच आकडा धरते. पण हा दर अंदाजाने कधी घेत नाही. आठवडाभर मोजते, आणि त्यात पगाराची तारीख येईल असं बघते. एक सावधगिरी: फायरवॉलवाला एखाद्या दिवशी अडवलेल्यांसोबत सोडलेल्या जोडण्यांचीही नोंद चालू करतो, आणि दर एका रात्रीत कितीतरी पट होतो. म्हणून करारपत्रात लॉगचा दर लिहून त्यावर फायरवॉल सांभाळणाऱ्याचीही सही घ्यावी.

१८० दिवसांपैकी झटपट शोधता येतील असे ३० दिवस आत ठेवू. प्रत्येक नोंदीची दुसऱ्या सर्व्हरवर एक जोडप्रत असते, तेव्हा ४३.२ गुणिले ३० गुणिले २, म्हणजे जवळपास २.६ टीबी. तिघांत वाटले तर प्रत्येकी ९०० जीबीच्या आत. म्हणून १ टीबीची डिस्क पुरेल असं कोटेशनवाला सांगतो. पुरत नाही. एक सर्व्हर मेला की उरलेले दोघे त्याचा भार उचलतात, तेव्हा प्रत्येकी १.३ टीबी. त्यात इलॅस्टिकसर्च मुळात डिस्क ८५ टक्के भरली की तिथे डेटाचे नवे तुकडे ठेवायला नकार देतं, ९० टक्क्यांना असलेले हलवू लागतं आणि ९५ टक्क्यांना लिहिणंच थांबवतं. १.३ ला ०.८५ ने भागा, १.५ च्या वर जातं. बाजारातलं पुढचं माप २ टीबी. तेच घ्यावं.

एनएएसचं गणित सोपं आहे. बॅकअपमध्ये जोडप्रती जात नाहीत आणि दर वेळी बदललेलंच जातं, त्यामुळे ७.८ टीबी आणि वर वाढीला जागा. ४ टीबीच्या ६ डिस्क रेड-६ मध्ये लावल्या तर १६ टीबी मिळतात आणि दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो. फायली जोडून मोठ्या करण्याचं काम आणि बॅकअप यांचा क्रम मात्र सांभाळावा. आधी बॅकअप घेऊन मग जोडणी केली, तर यंत्रणेला त्या फायली नव्या वाटतात आणि तोच डेटा दुसऱ्यांदा उचलला जातो.

वेगाचाही हिशोब हवा. १ गिगाबिटच्या तारेतून प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे १ टीबी परत आणायला अडीच तास. घटना कळवायची मुदत ६ तास. चार महिन्यांपूर्वीचे लॉग पाहायची वेळ आली तर नेमके कोणते दिवस आणायचे हे माहीत हवं, म्हणून रोजचा डेटा वेगळ्या नावाने ठेवायचा. जमल्यास एनएएसला १० गिगाबिटची तार द्यावी. बॅकअपची वाहतूक निदान शाखांच्या वाहतुकीपासून वेगळी काढावीच.

जोडणीतल्या बारीक गोष्टींनी मात्र नवख्यांना रडवलेलं पाहिलंय. एनएफएस साध्या मांडणीत वापरकर्त्याचं नाव बघत नाही, क्रमांक बघते. तोच वापरकर्ता एका सर्व्हरवर १००१ आणि दुसऱ्यावर १००२ असेल, तर एकाने लिहिलेलं दुसऱ्याला उघडत नाही, आणि पडद्यावर फक्त ‘परवानगी नाही’ एवढंच येतं. दुसरी गोष्ट याहून छुपी. सर्व्हर चालू झाला तेव्हा एनएएस जोडलाच गेला नाही, तर जोडणीच्या जागी एक साधं रिकामं फोल्डर असतं. बॅकअप निमूटपणे तिथे, म्हणजे स्वतःच्याच डिस्कवर, पडत राहतो आणि ती डिस्क भरते. म्हणून जोडणीपूर्वी त्या रिकाम्या फोल्डरवर कुणालाही लिहिता येणार नाही असं करून ठेवावं. जोडणी ‘हार्ड’ ठेवावी. एनएएस गेला की सर्व्हर ताटकळतो, डिस्कची जागा विचारणारी साधी आज्ञाही उत्तर देत नाही. तरी ‘सॉफ्ट’ जोडणीत अर्धवट लिहिलेला डेटा पूर्ण समजला जाण्याचा जो धोका असतो, त्यापेक्षा ताटकळणं परवडलं.

चाचणीचा क्लस्टर आणि खरा क्लस्टर यांना एकाच फोल्डरात लिहू देऊ नये. चाचणीवाल्याला फक्त वाचू द्यावं. जागा कमी पडली म्हणून त्या फोल्डरातल्या फायली हाताने पुसणारे महाभागही आहेत. त्या फायली एकमेकींवर अवलंबून असतात. सोमवारची पुसली की गुरुवारचा बॅकअपही निकामी. पुसायचं ते लॉग सर्व्हरलाच सांगून. आणि एनएएसचा पासवर्ड रोजच्या कामाच्या पासवर्डपेक्षा वेगळा हवा, आतली प्रत बदलता न येणारी हवी. खंडणीखोर व्हायरस जोडलेला प्रत्येक साठा शोधून कुलूपबंद करतो.

बँकांच्या संचालकांना माझं एवढंच सांगणं आहे. पैसे कमी पडले तर एनएएस साधा घ्या, त्यातल्या डिस्क सावकाश फिरणाऱ्या घ्या, बॅकअप रात्रभर चालू द्या. सर्व्हरच्या आतल्या एसएसडींना मात्र कात्री लावू नका. आणि दर तिमाहीला एखादा जुना दिवस एनएएसवरून परत आणून दाखवायला सांगा, लागलेला वेळ मिनिटांत लिहून घ्या आणि तो कागद लेखापरीक्षकासमोर ठेवा.