सर्व्हरची दिनचर्या (७) : कागदावर नवं, डोक्यात जुनं

गेल्या आठवड्यात क्रॉनचं पुराण झालं. १९७० च्या दशकातल्या युनिक्सपासून चालत आलेला हा गडी अजून नोकरीत आहे, पण लिनक्सवर त्याची बरीचशी कामं आता सिस्टमडीच्या टायमरकडे गेली आहेत. असा टायमर चाळीस सर्व्हरवर अँसिबलने लावायचा, तर काय काय निसटतं ते आज पाहू. उदाहरण एकच घेतो, ते म्हणजे वेबसाइटच्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण.

लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची नेहमीची प्रमाणपत्रं ९० दिवसांची असतात. ही मुदत पुढे आणखी आक्रसणार आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या सामायिक मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवल्याप्रमाणे मार्च २०२९ पासून दिलेलं कुणाचंच सार्वजनिक प्रमाणपत्र ४७ दिवसांपेक्षा जास्त चालणार नाही. कॅलेंडरवर लाल गोल करून हाताने नूतनीकरण करणाऱ्यांचे दिवस भरले आहेत.

डेबियन किंवा उबुंटूवर एप्टने सर्टबॉट हा नूतनीकरण करणारा प्रोग्रॅम बसवला की त्याच्यासोबत टायमर येतो. तो रोज रात्री १२ आणि दुपारी १२ ला जागा होतो, पण लगेच काम करत नाही. ४३,२०० सेकंदांपर्यंत, म्हणजे बारा तासांच्या आत, कुठलाही यादृच्छिक उशीर तो लावून घेतो. नाहीतर जगभरचे सर्व्हर बाराच्या ठोक्याला एकदम लेट्स एन्क्रिप्टच्या दारात उभे राहतील.

गंमत अशी की याच पॅकेजमधून क्रॉनची एक फाइलही येते. तिच्यातली आज्ञा आधी तपासते की या यंत्रावर सिस्टमडी चालू आहे का. चालू असेल तर ती काहीही न करता परत फिरते. क्रॉनवर हात बसलेला माणूस ही फाइल उघडतो, वेळ बदलतो आणि निर्धास्त होतो. फरक शून्य. हाच बदल अँसिबलच्या प्लेबुकमध्ये गेला, की फरक चाळीस ठिकाणी शून्य!

वेळ बदलायचीच असेल तर (नूतनीकरणानंतरचं एनजिनएक्स या वेबसर्व्हरचं रीलोड वापरकर्त्याला जाणवतही नाही, तरी ‘रात्रीच करा’ असा साहेबांचा आग्रह असतोच) पॅकेजने आणलेल्या टायमरच्या मूळ फाइलला हात लावू नये, पुढच्या अपडेटला ती पुसली जाते. त्याऐवजी ईटीसी डिरेक्टरीत त्या टायमरच्या नावाच्या ‘.d’ फोल्डरमध्ये पुरवणी फाइल ठेवतात. पण पुरवणीत ‘ऑनकॅलेंडर’ची ओळ लिहिली म्हणजे जुनी वेळ गेली असं होत नाही, तिच्यात नव्या वेळेची भर पडते. आधी ‘ऑनकॅलेंडर=’ एवढीच रिकामी ओळ लिहून पाटी कोरी करायची, मग नवी वेळ लिहायची, आणि तो बारा तासांचा यादृच्छिक उशीरही कमी करायचा. आणि ही वेळ सर्व्हरच्या घड्याळाची. क्लाउडवरची बरीच यंत्रं यूटीसीवर चालतात, तिथे रात्रीचे अडीच म्हणजे आपल्याकडे सकाळचे आठ. वेळेच्या शेवटी ‘आशिया/कोलकाता’ हा टाइमझोन जोडता येतो, तो जोडावा.

आता खरी मेख. फाइल डिस्कवर बदलली तरी सिस्टमडीच्या स्मृतीत जुनीच प्रत असते. ‘डेमन-रीलोड’ दिल्यावरच तो नवी वाचतो. अँसिबलमध्ये हे काम रिवाजाने हँडलरकडे देतात, म्हणजे फाइल बदलली तरच, आणि तेही प्लेच्या शेवटी, रीलोड होतं. समजा फाइल बदलली आणि त्यानंतरचं भलतंच एखादं काम फसलं. त्या यंत्रावरचा प्ले तिथेच थांबतो, हँडलरची पाळी येत नाही. दुरुस्ती करून प्लेबुक पुन्हा चालवलं, तर फाइल आधीच बरोबर असते. बदल नाही, म्हणून हँडलरला निरोपही नाही. पडद्यावर सगळं हिरवं आणि सिस्टमडीच्या डोक्यात मागचंच वेळापत्रक. म्हणून माझं मत असं की डेमन-रीलोड हँडलरमध्ये ठेवूच नये, टायमर चालू करणाऱ्या कामातच दरवेळी घालावं. एखादा सेकंद जातो, बिघडत काही नाही.

नेमका हाच घोळ एनजिनएक्सच्या बाबतीत होतो. सर्टबॉट नवं प्रमाणपत्र डिस्कवर आणून ठेवतो, पण एनजिनएक्स सुरू होताना वाचलेलं जुनंच वाटत राहतो. सर्टबॉटच्या ‘डिप्लॉय’ हुकांच्या फोल्डरमध्ये एनजिनएक्स रीलोड करणारी छोटी स्क्रिप्ट ठेवली की नूतनीकरण झाल्यावर ती आपोआप चालते. तिला एक्झिक्युट करण्याची परवानगी मात्र प्लेबुकमध्येच द्या, नाहीतर सर्टबॉट ती चालवणार नाही.

चालू करायचा तो टायमर, सर्व्हिस नव्हे. टायमर हा घंटा देणारा शिपाई, सर्व्हिस म्हणजे तास घेणारे मास्तर. नावात नुसतं ‘सर्टबॉट’ लिहिलं तर सिस्टमडी ते सर्व्हिसचं नाव धरतो. मास्तर एक तास घेऊन घरी जातात आणि शिपाई नेमलेलाच नसतो. ‘एनेबल्ड’ आणि ‘स्टार्टेड’ दोन्ही लिहायचं. पहिल्याने टायमर रीबूटनंतर उठतो, दुसऱ्याने आत्ता.

तपासणीसाठी ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स’ ही आज्ञा आहे. पुढची वेळ आणि मागची वेळ असे दोन्ही रकाने त्यात दिसतात. मागचा रकाना रिकामा असेल तर टायमर नुसताच लावलेला आहे, एकदाही वाजलेला नाही. तरीही टायमर वाजला म्हणजे प्रमाणपत्र बदललं असं नव्हे. त्यासाठी दुसऱ्या यंत्रावरून ४४३ पोर्टला जोडून, साइट प्रत्यक्ष देते आहे त्या प्रमाणपत्राची अंतिम तारीख वाचावी. ही तपासणीही प्लेबुकमध्ये बसवता येते.

लावलेलं काढायचं असेल, तर प्लेबुकमधल्या ओळी खोडून भागत नाही. जे लिहिलेलंच नाही त्याबद्दल अँसिबल काही करत नाही; टायमर सर्व्हरवर तसाच वाजत राहतो. आधी ‘स्टॉप्ड’ आणि ‘एनेबल्ड’ला ‘नाही’, मग फाइलला ‘अ‍ॅब्सेंट’, आणि पुन्हा एकदा डेमन-रीलोड. चाळीसही यंत्रांवरून हे फिरलं की मगच त्या ओळी खोडा. एखादं यंत्र त्या दिवशी बंद असेल, तर त्याची वाट पाहा.

पुढच्या आठवड्यात : आधीचा बॅकअप संपायच्या आत दुसरा सुरू झाला तर?