चाळिशी उलटली, पण वायफाय आहे ना बॉस!

तुमचा लॅपटॉप किती वर्षांचा? चार? पाच? आणि ‘स्लो झालाय यार’ म्हणत नव्याच्या ईएमआयचा हिशेब सुरूही झाला? मग हे वाचाच. अमेरिकेत 1982 साली आलेला ‘कमोडोर 64’ हा घरगुती कॉम्प्युटर हौशी मंडळी आज चक्क वायफायवर चालवताहेत. मेमरी 64 केबी, प्रोसेसर जेमतेम 1 मेगाहर्ट्झचा. तुमच्या मोबाइलमधला एक फोटोही त्यात मावायचा नाही!

ही करामत ‘ईएसपी 8266’ नावाच्या मायक्रोकंट्रोलरची. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप 2014 मध्ये आली. वायफाय आतच, किंमत काही शे रुपये आणि वेग 80 मेगाहर्ट्झ. म्हणजे साहेबापेक्षा शिपाईच ऐंशीपट चपळ!

गोड थाप

गंमत अशी, की कमोडोरला वायफाय कशाशी खातात हेच ठाऊक नाही. त्याला माहीत आहे तो फोनच्या तारेवरचा मोडेम. ‘एटीडीटी’ टाइप करायचं, पुढे फोन नंबर द्यायचा, की मोडेम डायल करणार. 1981 च्या हेज स्मार्टमोडेमने रूढ केलेली ही भाषा. चिप तीच भाषा बोलते आणि बेधडक थाप मारते, ‘मी मोडेमच आहे!’ नंबराच्या जागी सर्व्हरचा पत्ता टाकला, की वायफायचा पासवर्ड, नेटवर्कचे नियम वगैरे सगळी उठाठेव चिपच करते.

मला यातलं सगळ्यात काय आवडलं सांगू? जुन्या मशीनला एक स्क्रूसुद्धा लावावा लागत नाही. मागच्या ‘यूजर पोर्ट’मध्ये खोचा, नको तेव्हा काढा.

आठ सेकंदांचा स्क्रीन

जायचं कुठे? त्या काळी लोक फोनवरून ‘बुलेटिन बोर्ड’ गाठायचे, गप्पा मारायचे. तसे बोर्ड आता इंटरनेटवर आहेत. सेकंदाला 1200 बिट म्हणजे साधारण 120 अक्षरं. 40 बाय 25 अक्षरांचा स्क्रीन भरायला आठेक सेकंद. दिवसभर ईमेलचा मारा झेलणाऱ्या आपल्यासारख्यांना हा वेग म्हणजे स्पाच!

पण हा नुसता टाइमपास नाही हं. जुन्या फ्लॉपी एकेक करून मरताहेत. अटारीच्या 8 बिट कॉम्प्युटरसाठी बनलेलं ‘फुजीनेट’ मोठी बहीण ‘ईएसपी 32’ वापरतं आणि फ्लॉपी ड्राइव्हचंही सोंग घेतं. फ्लॉपीची प्रत नेटवर्कवर ठेवली, की मशीनला काम मिळत राहतं. नाहीतर ते उरतं शोकेसपुरतं.

आपल्याकडे 1984 च्या सरकारी ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांत बीबीसी मायक्रो आले होते. त्यांच्याही सीरियल पोर्टला योग्य कन्व्हर्टर लावून असा मोडेम जोडता येतो. तेव्हा शाळेच्या माळ्यावर एखादा दिसला, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी थांबा!

ट्राय करायचंय? आधी हे बघा

- चिप 3.3 व्होल्टची, कमोडोर 5 व्होल्टचा. मध्ये लेव्हल कन्व्हर्टर हवाच.
- यूजर पोर्ट 5 व्होल्टवर फक्त 100 मिलीअँपिअर देतो. सिग्नल पाठवताना चिपला त्याहून जास्त लागतो. तिला वेगळा पुरवठा द्या.
- कमोडोरचा मूळ अडॅप्टर बिघडला, की जास्त व्होल्टेज सोडून मेमरी चिप जाळू शकतो. नवा घ्या.
- बोर्डवरचा मजकूर बहुधा उघडाच जातो. ऑफिसचा पासवर्ड तिथे चुकूनही नको!